वायदा पाळण्याचे शास्त्र

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात उद्योग-व्यवसायविषयक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीसंत नामदेवमहाराजांच्या चरणी वंदन करून आम्ही विषयाला आरंभ करतो. व्यवस्थापकांनी विषय दिला तो असा की, आपल्या समाजातील धंदे अधिक सुरळीत कसे चालतील आणि हाती घेतलेली कामे वेळेवर पुरी कशी होतील. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे; म्हणून त्यातील एकच गोष्ट, परंतु आमच्या मते सर्वांत उपयुक्त अशी, आपणांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

'शिंप्याचा वायदा' ही आपल्या समाजाची थट्टा आपण सर्वांनीच ऐकली आहे. लग्न लागून वरात घरी आली तरी नवरदेवाचा कोट दुकानातच, असे विनोद लोक करतात आणि आपणही हसून सोडून देतो. परंतु तयार कपड्यांनी बाजारपेठ व्यापून टाकली आहे आणि घरबसल्या मागवलेला सदरा दोन-चार दिवसांत दाराशी येतो, अशा काळात ही थट्टा हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. मापाचा कपडा आपल्यासारखा कोणी शिवत नाही, हे गिऱ्हाईक आजही मान्य करते. ते जाते ते कपडा वेळेवर मिळेल याचा भरवसा वाटत नाही म्हणून. चुकलेला प्रत्येक वायदा हा आपल्या मुलाबाळांच्या धंद्यातून काढून घेतलेला एक धागा आहे.

आता हे वायदे चुकतात का? आळसामुळे म्हणावे तर लग्नसराईत आणि शाळा उघडण्याच्या दिवसांत आपल्या घरांतील दिवे मध्यरात्रीपर्यंत मालवत नाहीत. घरातील स्त्रिया स्वयंपाकपाणी आटोपून तुरपाईला बसतात. हात सर्वांचे चालू असतात, तरी माल बाहेर पडत नाही. मग उपाय म्हणून आपण काय करतो? पतसंस्थेचे कर्ज काढून आणखी एक शिवणयंत्र घेतो, आणखी एक कारागीर ठेवतो. पुढच्या हंगामात वायदे पुन्हा चुकतात. वाढतो तो फक्त हप्ता. ह्या दुष्टचक्राची मीमांसा करणारा एक विचार गेल्या चार दशकांत जगभरच्या कारखान्यांत रूढ झाला आहे. त्याचीच ओळख आज करून द्यावयाची आहे.

एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायलचे एक पदार्थविज्ञानवेत्ते. त्यांचा जन्म १९४७ चा आणि निधन २०११ मधील. जेफ कॉक्स ह्या लेखकाच्या साहाय्याने त्यांनी १९८४ मध्ये 'द गोल' नावाची एक कादंबरी प्रसिद्ध केली. बंद पडू घातलेला एक कारखाना त्याचा व्यवस्थापक कसा सावरतो, एवढीच तिची कथा. परंतु त्या कथेतून त्यांनी जो सिद्धांत मांडला तो 'मर्यादा-सिद्धांत' म्हणून प्रसिद्धीस आला. त्याचे सार असे: जे काम अनेक हातांतून क्रमाने जाते, त्याचा एकंदर वेग त्यातील सर्वांत मंद जागा ठरवते. ह्या जागेला आपण 'मर्यादास्थान' म्हणू. इतर जागा कितीही चपळ असल्या तरी मर्यादास्थानातून जेवढे काम पार पडेल तेवढेच गिऱ्हाइकाच्या हाती पडते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पाटाला वर कितीही पाणी सोडले, तरी जेथे पाट अरुंद झाला आहे तेथून जाईल तेवढेच शेवटच्या वाफ्याला मिळते.

गोष्ट इतकी साधी असूनही ती आपल्याला दिसत का नाही, हे आकड्यांनी पाहू. समजा, आपल्यापैकी एका गृहस्थाकडे एका शाळेच्या गणवेशाच्या १,२०० सदऱ्यांचे काम आले आहे. त्यांच्याकडे दिवसाला ८० सदरे बेतले जातात, ६० शिवून होतात, ३६ सदऱ्यांची काजे होतात, ७० सदऱ्यांना बटणे लागतात आणि ९० सदऱ्यांना इस्त्री होऊ शकते. सांगा पाहू, दिवसाला किती सदरे तयार होतील? उत्तर ३६. म्हणजे ह्या कामाला ३४ दिवस हवेत. परंतु मालकाचे लक्ष जाते कोठे? शिवणाऱ्या कारागिरांकडे, कारण तेथे माणसे जास्त, मजुरी जास्त आणि गडबडही जास्त. तो कर्ज काढून दोन शिवणयंत्रे आणखी घेतो. आता ६० च्या जागी ८० सदरे शिवून होतात; आणि दुकानाबाहेर जातात ३६ च! वाढला तो काजांच्या यंत्रापुढचा ढीग.

गोल्डरॅट यांनी ह्यावर पाच पायऱ्यांचा क्रम सांगितला आहे. तो त्याच क्रमाने पाळावा, ह्यातच त्याचे मर्म आहे.

पहिली पायरी, मर्यादास्थान ओळखणे. त्यासाठी मोठे गणित नको. दुकानातून एक सावकाश फेरी मारावी. ज्या जागेपुढे ढीग साचलेला आहे आणि जिच्या पुढची जागा वाट पाहत बसली आहे, तेच बहुधा आपले मर्यादास्थान. कचेरीत ज्या टेबलापुढे कागद तुंबतात ते, आणि बांधकामावर ज्या कारागिराच्या नावाने बाकीचे हात थांबतात तो.

दुसरी पायरी, जे आहे त्याच्याकडूनच पुरेपूर काम घेणे. एक पैसाही खर्च करण्यापूर्वी. आपल्या उदाहरणातील काजांचे यंत्र दिवसाचे आठ तास चालते असे मालक समजतो. परंतु घड्याळ लावून पाहिले तर चहा, जेवण, दोरा बदलणे, सुई शोधणे आणि शिवलेला माल येण्याची वाट पाहणे ह्यांत दोन तास जातात. यंत्र चालते सहा तास आणि तासाला सहा सदरे करते. जेवणाच्या वेळी दुसऱ्या कोणी त्या यंत्रावर बसावे, दोरे व सुया आदल्या संध्याकाळीच तयार ठेवाव्यात, एवढ्यानेच ते आठ तास चालेल आणि ३६ चे ४८ सदरे होतील. चौतीस दिवसांचे काम पंचवीस दिवसांवर आले. आणखी एक गोष्ट: सदरा तपासायचा तो काजांच्या आधी. ज्याची कॉलर वाकडी बसली आहे अशा सदऱ्यावर काजे पाडण्यात दहा मिनिटे घालवणे म्हणजे साऱ्या दुकानाची दहा मिनिटे घालवणे होय. मात्र पुरेपूर काम घेणे म्हणजे माणसाला राबवणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. अखंड चालावयाचे ते यंत्र. त्यावरील माणसाला विश्रांती मिळावी म्हणूनच दुसऱ्याने त्याची जागा घ्यावयाची.

तिसरी पायरी, बाकीच्या सर्वांनी आपली गती मर्यादास्थानाशी जुळवून घेणे. ही पायरी पटायला सर्वांत कठीण, कारण ती आपल्या संस्कारांच्या विरुद्ध जाते. रिकामा बसलेला कारागीर मालकाच्या डोळ्यांत खुपतो. म्हणून बेतणारा रोज ८० सदरे बेततो. पण त्यांतील ३२ सदरे रोज कोठे तरी साचतात. त्यांत कापडाचे पैसे अडकतात, मापे एकमेकांत मिसळतात, धूळ बसते आणि तातडीचा नग ढिगाच्या तळाशी सापडतो. जॉन लिटल ह्या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये एका नियमाची सिद्धता दिली. त्याचा अर्थ आपल्या भाषेत असा की, दुकानात अर्धवट पडलेले नग भागिले रोज पुरे होणारे नग, म्हणजे एका नगाला दुकानातून बाहेर पडायला सरासरी लागणारे दिवस. आपल्या दुकानात ४८० अर्धवट सदरे पडलेले असतील आणि रोज ४८ पुरे होत असतील, तर आज बेतलेला सदरा दहा दिवसांनी बाहेर पडेल. तेच अर्धवट सदरे १४४ वर आणले, तर तो तीन दिवसांत बाहेर पडेल. माणसे तीच, यंत्रेही तीच. केले एवढेच की बेतणाऱ्याची कात्री आवरली.

ह्यासाठी गोल्डरॅट यांनी ढोल, साठा आणि दोरी अशी तीन प्रतीके योजली. मर्यादास्थान हा ढोल. त्याच्या ठेक्यावर सर्वांनी चालावयाचे. त्याच्यापुढे थोडासा साठा असावा, म्हणजे मागे वीज गेली किंवा कारागीर आजारी पडला तरी ढोल थांबणार नाही. आणि मर्यादास्थानापासून बेतणाऱ्यापर्यंत एक अदृश्य दोरी असावी. पुढे जेवढे नग पार पडले तेवढेच नवे बेतावयाचे. बेतणाऱ्याला जो मोकळा वेळ मिळेल तो वाया गेला असे समजू नये. त्या वेळात त्याने काजांच्या यंत्रावर हात बसवावा, नवख्याला शिकवावे, गिऱ्हाइकाचे माप नीट घ्यावे.

चौथी पायरी, मर्यादास्थानाची शक्ती वाढवणे. पैसा खर्च करावयाचा तो येथे, आणि तोही पहिल्या तीन पायऱ्यांनंतर. आपल्या गृहस्थांनी रोज १२ सदरे बाहेरच्या काज-बटणवाल्याकडे दिले की ४८ चे ६० होतात आणि काम वीस दिवसांत पुरे होते. चौतीस दिवसांचे वीस दिवस झाले आणि कर्जाचा कागदही करावा लागला नाही.

पाचवी पायरी ही की, मर्यादास्थान हलले म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. आता काजे ६० आणि शिवणही ६० झाले. ह्यापुढे वेग वाढवावयाचा तर शिवणाकडे पाहणे योग्य ठरेल. जे शिवणयंत्र काल घेणे व्यर्थ होते तेच आज घेणे शहाणपणाचे असू शकेल. मात्र त्याबरोबर काजांचीही सोय वाढवावी लागेल. आणि शिवण, काजे सर्व वाढूनही गिऱ्हाईकच कमी असेल, तर मर्यादास्थान दुकानाबाहेर, बाजारात गेले असे समजावे. मग वेळ आणि पैसा गिऱ्हाईक मिळविण्यात घालावा.

हिशेबाच्या वहीबद्दलही एक शब्द बोलला पाहिजे. कोणते काम किफायतीचे, हे आपण दर नगामागे किती सुटतात त्यावरून ठरवतो. समजा, कापड-दोऱ्याचा खर्च वजा जाता सदऱ्यामागे १५० रुपये राहतात आणि कुडत्यामागे १२०. कोणीही सदरा पत्करील. परंतु काजांच्या यंत्रावर सदऱ्याला दहा मिनिटे लागतात आणि कुडत्याला पाच. म्हणजे त्या यंत्राच्या एका मिनिटाला सदरा १५ रुपये देतो आणि कुडता २४. जोवर ते यंत्र आपले मर्यादास्थान आहे, तोवर कुडत्याचे काम अधिक लाभाचे. दुर्मिळ काय आहे ते जाणून भाव ठरवावा आणि काम निवडावे, असा ह्याचा बोध आहे.

येथपर्यंत आपण रोज चालणाऱ्या धंद्याचा विचार केला. आपल्या समाजातील अनेक तरुण आता ठेकेदारी करतात, कोणी स्थापत्य अभियंते आहेत, कोणी संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात. त्यांचे काम एकदाच करावयाचे, मुदतीचे असते. त्यांना उपयोगी पडेल असे एक उदाहरण आपल्या भूमीतच आहे, ते कोकण रेल्वेचे.

रोह्यापासून मंगळूरच्या उंबरठ्यापर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग. त्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि श्री. ई. श्रीधरन हे त्याचे प्रमुख होते. नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावयाचे होते. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा, तोही झाला. परंतु काम अडले ते गोव्यात पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यापाशी. तेथे कठीण खडक नव्हता. पाण्याने भिजलेली मऊ माती होती, आणि खणावे तसे वरून ढासळत होते. शेकडो किलोमीटरचा मार्ग तयार होऊनही मुंबई-मंगळूर सलग गाडी ह्या दीड किलोमीटरने रोखून धरली होती. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्गावरून गाडी धावली. दरम्यान व्यवस्थापनाने एक सुज्ञपणा केला: तयार झालेले टप्पे टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुले केले. सबंध काम एका जागी अडले तरी जेवढे फळ हाती येण्यासारखे होते तेवढे त्यांनी आधी घेतले.

पुढची हकीकतही बोधप्रद आहे. हा मार्ग बहुतांशी एकेरी बांधला गेला. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. म्हणून दिवसभरात किती गाड्या जातील हे सर्वांत लांब टप्पा ठरवतो. समजा, तो ओलांडायला अर्धा तास लागत असेल, तर दोन्ही दिशा मिळून तासाला दोनच गाड्या जाणार, मग बाकीचा मार्ग कितीही मोकळा असो. सर्वच मार्ग दुहेरी करावयाचा तर प्रचंड खर्च. म्हणून कडवई, खारेपाटण, अचिर्णे अशा ठिकाणी लांब टप्प्यांच्या मधोमध गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी नवी स्थानके उभारली गेली. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग मात्र २०२१ मध्ये दुहेरी झाला. जेथे अडते तेथेच खर्च करावा, हे तत्त्व एवढ्या मोठ्या कामातही कसे लागू पडते, ते ह्यावरून ध्यानात येईल.

मुदतीच्या कामांविषयी गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये 'क्रिटिकल चेन' हे दुसरे पुस्तक लिहिले. त्यांतील दोन गोष्टी आपल्या नित्याच्या आहेत.

पहिली ही की, प्रत्येक जण आपापल्या कामात सुरक्षिततेसाठी थोडे दिवस लपवून ठेवतो. चार कारागिरांनी प्रत्येकी चार दिवस मागितले की काम सोळा दिवसांचे होते. पण चार दिवस मिळाले म्हणून कोणी लवकर आरंभ करीत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे शेवटच्या दिवशी धावपळ होते. लवकर झालेले काम पुढे सरकत नाही, उशीर मात्र पुढे सरकतो. त्याऐवजी प्रत्येकाने दोन दिवसांत करण्याचा प्रयत्न करावा आणि चार दिवस सर्वांच्या वतीने शेवटी राखून ठेवावेत. मग काम बारा दिवसांचे होते, आणि ज्याला खरोखर अडचण येईल त्याला त्या सामायिक शिलकीतून दिवस मिळतात. मात्र एकाने तीन दिवस घेतले म्हणून त्याला धारेवर धरावयाचे नाही, नाहीतर पुढच्या वेळी सर्व जण पुन्हा दिवस लपवू लागतील.

दुसरी गोष्ट, एकाच वेळी अनेक कामांना हात घालणे. तीन गिऱ्हाइकांची प्रत्येकी दहा दिवसांची कामे आहेत. एकामागून एक केली तर ती दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी पुरी होतील. परंतु तिघांनाही खूश ठेवण्यासाठी पाच-पाच दिवस आळीपाळीने केली, तर पहिले विसाव्या, दुसरे पंचविसाव्या आणि तिसरे तिसाव्याच दिवशी होईल. तिसऱ्याला काहीही लाभ नाही आणि पहिल्या दोघांचे नुकसान. लग्नसराईत येईल त्याचा आगाऊ पैसा घेऊन प्रत्येकाचे कापड बेतून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यातच आपल्या चुकलेल्या वायद्यांचे मूळ आहे, असे आमचे नम्र मत आहे. बेतलेले कापड परत नेता येत नाही म्हणून गिऱ्हाईक त्या वेळी गप्प बसते, पण पुन्हा येत नाही.

आता शेवटचा आणि नाजूक मुद्दा. मर्यादास्थान नेहमीच यंत्र असते असे नाही. पुष्कळदा ती एखादी रूढी असते. कात्री फक्त घरातल्या वडिलांनीच हाती घ्यावयाची. मुलीसुनांनी तुरपाई करावी, पण बेतणे शिकू नये. पाचशे रुपयांच्या दोऱ्यासाठीही कर्त्या पुरुषाची वाट पाहावयाची, अशा रीती आपल्या अनेक घरांत आहेत. त्यांच्यामागे अनुभव आणि काळजी आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या घरात बेतणारा हात एकच आहे, तेथे तो हात आजारी पडला की सारे दुकान आजारी पडते. वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, आपण स्वतः मर्यादास्थान झालो आहोत काय, ह्याचा विचार त्यांनीच करावा. लहानांनी ते तोंडावर सांगणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि म्हणूनच ते कोणी सांगत नाही.

तरुणांनाही एक सांगणे आहे. मर्यादास्थान म्हणजे गुन्हेगार नव्हे. 'द गोल' मध्ये मुलांची एक पदयात्रा आहे. त्यांत हर्बी नावाचा एक स्थूल मुलगा सर्वांत हळू चालतो आणि रांग लांबत जाते. त्याला मागे टाकून किंवा हिणवून काही साधत नाही. त्याला सर्वांपुढे चालू देतात, त्याच्या पाठीवरचे ओझे काढून बाकीचे वाटून घेतात, आणि मग सारी रांग एकत्र व लवकर पोचते. दुकानात जी म्हातारी काकू सावकाश काजे करते तिच्यावर चिडू नये. तिच्याजवळची इतर कामे आपण उचलावीत.

हा सिद्धांत म्हणजे सर्व रोगांवरचे औषध आहे, असा दावा आम्ही करीत नाही. कापडाचे भाव, बाजाराची मंदी, मोठ्या कारखानदारांची स्पर्धा ह्यांपुढे तो पुरा पडेलच असे नाही. परंतु जे आपल्या हातात आहे त्याचा वापर कोठे करावा, हे तो सांगतो. आपण सर्वांनी घरी गेल्यावर तीन गोष्टी कराव्यात: एक आठवडा रोज संध्याकाळी दुकानातील सर्वांत मोठा ढीग कोठे आहे ते वहीत लिहावे; ती जागा दिवसात किती वेळ रिकामी राहते ते घड्याळाने मोजावे; आणि ती वही भरेपर्यंत नव्या यंत्रासाठी कर्जाचा अर्ज करू नये. मंडळाच्या चालकांनाही आमची सूचना आहे की, धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्या बांधवाला जामीनदार कोण हे विचारण्यापूर्वी आपले काम कोठे तुंबते, हे विचारावे.

पुढील वर्षीच्या संमेलनात आपल्यापैकी काहींनी आपल्या वह्या घेऊन येथे यावे आणि आपला अनुभव सांगावा, अशी आमची इच्छा आहे.